माओरी कोण आहेत? आधी डोंगर, मग नदी, शेवटी स्वतःचं नाव सांगणारे लोक

नोव्हेंबर २०२४ मधला न्यूझीलंडच्या संसदेतला तो व्हीडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. २२ वर्षांची माओरी खासदार हाना-राव्हिती मैपी-क्लार्क विधेयकाची प्रत फाडते आणि भर सभागृहात हाका सुरू करते. आपल्याला हाका ठाऊक असतो तो ऑल ब्लॅक्सच्या रग्बी सामन्यांमुळे. प्रत्यक्षात तो लग्नात, अंत्यविधीत, पाहुण्यांच्या स्वागतालाही होतो. मग संसदेत हा राग कशाचा होता? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

होड्यांमधून आलेले पूर्वज

माओरी हे पॉलिनेशियन लोक. त्यांच्या भाषेच्या कुळाचा माग थेट तैवानपर्यंत लागतो. तिथून निघालेल्या दर्यावर्दी लोकांचे वंशज हजारो वर्षांत एकेक बेट ओलांडत पॅसिफिकभर पसरले आणि साधारण १२५० ते १३०० च्या सुमारास न्यूझीलंडला पोहोचले. होकायंत्र नव्हतं. तारे, लाटांचा कल आणि पक्ष्यांची दिशा बघून हा प्रवास झाला. कथांमध्ये त्यांच्या मूळभूमीचं नाव हवाइकी आहे. ताइनुई, ते अरावा, माताआतुआ ही त्या होड्यांची नावं. अनेक जमाती आजही आपलं मूळ यातल्या एखाद्या होडीशी जोडतात.

सोबत कुत्रे होते, उंदीर होते आणि रताळी होती. पण उष्ण बेटांवरचा नारळ इथल्या थंडीत रुजला नाही. रताळं टिकलं, तेही मेहनतीने. हिवाळ्यात ते कुजू नये म्हणून जमिनीत पेवासारखे खड्डे खणले गेले. कपड्यांसाठी झाडाच्या सालीऐवजी हाराकेके या वनस्पतीच्या पानांचा धागा आला. म्हणजे आज जिला आपण माओरी संस्कृती म्हणतो, ती बरीचशी इथेच घडली. (मोआ हा उडता न येणारा प्रचंड पक्षी मात्र शिकारीमुळे दोनेकशे वर्षांत संपला. 'निसर्गाशी एकरूप' वगैरे लिहिताना हे सहसा गाळलं जातं.)

सगळं फिरतं वंशावळीभोवती

वाकापापा म्हणजे वंशावळ. रीतसर ओळख करून देताना माओरी माणूस आधी आपला डोंगर, नदी, होडी, जमात सांगतो आणि मग नाव. सभागृहाची कोरीव इमारत म्हणजेसुद्धा पूर्वजाचं शरीर: आढं हा कणा, वासे या बरगड्या. चेहऱ्यावरचं मोको गोंदणही घराणं सांगतं. पूर्वी ते छिन्नीसारख्या हत्याराने करत, त्यामुळे त्वचेवर खोबणी उठायच्या.

नदीही पूर्वजच. म्हणून २०१७ मध्ये कायद्याने व्हांगानुई नदीला 'व्यक्ती'चा दर्जा मिळाला. त्यानंतर काही दिवसांतच उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेबाबत तसाच निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्याला स्थगिती दिली.

एका कराराची दोन भाषांतली गोष्ट

६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश आणि माओरी प्रमुखांमध्ये वाइतांगीचा करार झाला. पुढे पाचशेहून जास्त प्रमुखांनी सह्या केल्या. काहींनी सही म्हणून आपल्या मोकोची नक्षी काढली. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व सोडल्याचं लिहिलं होतं. बहुतेकांनी सही केलेल्या माओरी मसुद्यात मात्र 'कावानातांगा' म्हणजे कारभार हा शब्द होता आणि जमिनी, गावं व ठेव्यावर प्रमुखांचाच अधिकार राहणार होता. पण पुढच्या काही दशकांत युद्धं, जप्ती आणि खरेदीतून बहुतांश जमीन गेली. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. १९८२ पासून 'भाषेची घरटी' म्हणवणाऱ्या बालवाड्यांनी भाषा सावरली आणि १९८७ मध्ये ती अधिकृत झाली.

२०२४ चं विधेयक याच कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहत होतं. समर्थक म्हणत होते, सगळ्यांना समान हक्क. विरोधकांच्या मते, यातून माओरींना दिलेला शब्दच पुसला जाणार होता. एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं गेलं. जूनमध्ये त्या हाकासाठी मैपी-क्लार्क सात दिवस निलंबित झाल्या.