कालगणनेच्या अभ्यासाला नाशिकहून निघताना

आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी नाशिक शहरात वसुबारस, म्हणजे गाय-वासराची पूजा होते. गाईच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, ओवाळतात. दिवाळीच्या पणत्या त्या दिवसापासून लागतात. याच द्वादशीला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात वाघबारस असते. गुराखी शिवेवरच्या वाघदेवापाशी जमतात. देव म्हणजे लाकडाची किंवा दगडाची उभी फळी. तिच्यावर वाघ कोरलेला, वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, कुठे नागही, आणि सगळ्यावर शेंदूर. त्याला नैवेद्य दाखवायचा आणि गुरांना सांभाळ म्हणून मागणे मागायचे. तिथी तीच, एकीकडे गाय पूजली जाते, दुसरीकडे वाघ. पंचांगाने द्वादशी कधी ते सांगितले. त्या दिवशी कोणापुढे हात जोडायचे, हे गावाच्या शिवाराने आणि रानाने ठरवले. सण, तिथी आणि कालगणना यांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मी या जोडीपाशी स्वागत करतो, कारण या विषयाचा सगळा पेच इथे एका दिवसात दिसतो.

हा विषय आपल्याकडे फार विखुरला गेला. ग्रहगणित ज्योतिषांकडे गेले, तिथिनिर्णय शास्त्रीमंडळींकडे, वाघबारस लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे आणि शिलालेख पुराभिलेखवाल्यांकडे. ग्रहण मिनिटापर्यंत सांगणाऱ्याला वाघदेवाची फळी ठाऊक नसते, आणि फळीचे छायाचित्र घेणाऱ्याला तिथी म्हणजे काय हे विचारले तर तो अडखळतो. माझे म्हणणे एवढेच आहे की आकाश आणि गाव या दोन्हींकडे एकाच माणसाने पाहायला हवे. एकाने आकाश पाहायचे आणि दुसऱ्याने गाव, अशी वाटणी केली की सण हातून निसटतो.

तिथीपासूनच सुरुवात करू. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांतच संपते, कधी जवळजवळ २७ तास रेंगाळते, आणि दिवसाच्या कोणत्याही घटकेला बदलते. मग सण कोणत्या दिवशी धरायचा? इथे गणित थांबते आणि निर्णय सुरू होतो. गणेश चतुर्थी मध्याह्नी असलेली घ्यावी, वसुबारस प्रदोषकाळी असलेली, महाशिवरात्र मध्यरात्री असलेली. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू (१६१२) असल्या प्रश्नांनी भरला आहे, आणि पुढे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी धर्मसिंधूत तीच वाट सोपी केली. हे ग्रंथ रूक्ष आहेत असे समजून बाजूला ठेवू नका. एकाच आकाशाखाली दोन घरांत दोन दिवशी एकादशी का होते, याचे उत्तर तिथेच मिळते.

ज्याला काळाच्या मोजणीचे जुने थर डोळ्यांनी पाहायचे आहेत त्याने पांडवलेण्यांवर चढावे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्याचा काळ असा दिला आहे: सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. चैत्र नाही, वैशाख नाही. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा, हेमंत असे तीनच भाग, प्रत्येकात आठ पक्ष, आणि पक्षांतले दिवस मोजायचे. तिथून थोडे पुढे, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात मात्र ४२ वे वर्ष आणि वैशाख महिना येतो. एका टेकडीवर, हाकेच्या अंतरावर, दोन राजवटींच्या दोन कालगणना! सातवाहनांनी ऋतूने दिवस मोजला, क्षत्रपांनी चांद्रमासाने. मला या दोन ओळींपुढे उभे राहिल्यावर कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक शिकायला मिळाले आहे, आणि शाळेच्या सहलींना बुद्धमूर्तींबरोबर या ओळीही दाखवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या लेखांत आणखी एक गोष्ट नाही, तीही पाहावी. वार नाही. सोमवार-मंगळवाराचा उल्लेख भारतीय कोरीव लेखांत मिळू लागतो तो पुष्कळ उशिरा. एरणच्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखातला गुरुवार इसवी सन ४८४ चा आहे. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, पण मेष-वृषभादी राशी नाहीत. राशी आणि त्यांच्याबरोबरचे जातक यवनांच्या संपर्कातून आले, बाबिलोन आणि ग्रीस यांच्या वाटेने. आपल्याकडच्या गणित्यांनी ते घेतले, नक्षत्रांशी जुळवले आणि इतके आपलेसे केले की आज कुणाला ते बाहेरचे वाटत नाही. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. आकाश सगळ्यांचे असल्यामुळे हे शास्त्र नेहमीच एकमेकांकडून घेत वाढले. गुरूच्या बारा वर्षांच्या फेरीवर चिन्यांनीही वर्षे मोजली आणि त्या ग्रहाला वर्षाचा तारा म्हटले.

आता गुरूकडे वळू, कारण नाशिकचे सर्वांत मोठे पर्व त्याच्या हाती आहे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकच्या कुशावर्तावर. सिंहस्थ १२ वर्षांनी येतो असे आपण सहज म्हणतो. गुरूच्या फेरीचा खरा काळ ११.८६ वर्षे आहे. दर फेरीला तो सुमारे ५० दिवस लवकर येतो, आणि ही शिल्लक साचत गेली की एखादा सिंहस्थ ११ वर्षांनीच येतो. १९८० नंतरचा १९९१ साली आला तो असा. पुढे २००३ आणि २०१५. यंदाची रचना तर अभ्यासकाला पर्वणीच आहे. गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहेत येतो, ध्वजारोहणाचा दिवस तोच. नंतर तो वक्री होऊन जानेवारीत पुन्हा कर्केत जातो आणि जूनच्या अखेरीस परत सिंहेत येतो. म्हणून मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्यांतले पहिले २ ऑगस्टला, अमावास्येला आहे, आणि त्याच अमावास्येला इजिप्तमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. गोदेच्या घाटावरची गर्दी आणि लक्सरच्या वाळवंटात चष्मे लावून उभी असलेली गर्दी, दोघी एकाच चंद्राच्या मागे आलेल्या असतील.

पंचांग म्हणजे पुराणकाळापासून न बदललेली पोथी, हा समज या क्षेत्रात आल्यावर पहिल्या वर्षातच गळून पडतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव लिहिला, तो आधीच्या ग्रंथांचे आकडे आकाशाशी जुळेनात म्हणूनच. तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे त्यावर चालली. पुढे त्यातही अंतर पडले. केरूनाना छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाचे आकडे घेऊन नवे पंचांग काढले, व्यंकटेश बापूजी केतकरांनी ज्योतिर्गणित रचले, आणि केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक शुद्ध पंचांगाच्या वादात शेवटपर्यंत होते. राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरायचा यावर एकमत झाले नाही, आणि तो वाद आजही घराघरांत आहे: दाते पंचांग वा कालनिर्णय पाहणाऱ्यांची संक्रांत १४-१५ जानेवारीला, टिळक पंचांग मानणाऱ्यांची १० जानेवारीला. चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याचे चार दिवस. गुरूची सरासरी चाल धरली तर त्याच चार अंशांना दीड महिना लागतो. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी होते, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झाले. ते सरकारी पत्रांच्या कोपऱ्यात राहिले. लोकांनी आपल्या सणांसाठी ते घेतले नाही. का घेतले नाही, यावर एक चांगला प्रबंध व्हायला हवा.

संक्रांतीच्या सरकण्यात शेतकऱ्याचा प्रश्नही दडला आहे. उत्तरायण खरे सुरू होते २१-२२ डिसेंबरला; संक्रांत त्यापासून तीन आठवडे दूर गेली आहे, आणि सुमारे ७१-७२ वर्षांत आणखी एक दिवस दूर जाते. मृग नक्षत्राचेही तसेच. सूर्य मृगात येतो ७-८ जूनला, आणि पेरणीची सारी भाषा त्यावर उभी आहे: मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. शतकांच्या हिशेबात ही नावे पावसापासून हळूहळू सुटत चालली आहेत. आपल्या हयातीत ते जाणवणार नाही, पण अभ्यासकाने ते मोजले पाहिजे.

छापील पंचांगात न येणारी वर्षेही आहेत. खानदेशात आणि लगतच्या बागलाणात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा मोठा सण. खानदेशातल्या सालदाराचे साल त्या दिवशी उलटते, जुना करार संपतो, नवा ठरतो. कळवण, बागलाण, सुरगाण्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव येतो. व्रत धरलेल्यांना माउल्या म्हणतात. पावरी वाजते, फेर धरला जातो आणि पौर्णिमेला सगळे डोंगरावरच्या देवाच्या ठिकाणी जातात. थाळकरी काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करतो आणि तिच्यावरून बोटे खाली ओढतो. त्या घुमणाऱ्या सुरावर रात्रभर कथा चालते. या उत्सवाची पौर्णिमा डोळ्यांना दिसते, तिला घटी-पळे लागत नाहीत. नाशिक शहरातच पाहायचे तर रंगपंचमीला शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात. वर्षभर रस्त्याखाली झाकलेला दगडी हौद फाल्गुन वद्य पंचमीला रंगाने भरतो. इतर पुष्कळ गावे धुळवडीला रंग खेळतात. नाशिककर त्या दिवशी वीर मिरवतात आणि रंग पंचमीला खेळतात.

फलज्योतिषाविषयी स्पष्ट बोलतो. ग्रहांवरून माणसाचे भविष्य कळते असे मी मानत नाही. तरीही मुहूर्त, पत्रिका, सिंहस्थात लग्न नको म्हणून आलेला दंडक आणि त्यातून वाट काढणारे निर्णय हे सारे मी आदराने वाचतो, कारण शेकडो वर्षे लोकांनी आपले सर्वांत कठीण निर्णय या भाषेत घेतले. टिंगल करणाऱ्याला किंवा भक्ती करणाऱ्याला ही कागदपत्रे काही सांगत नाहीत. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वंशावळींच्या वह्या उघडल्या तर कुठल्या पर्वाला कुठून कोण आले याचा इतिहास मिळतो; त्या अजून नीट अभ्यासल्या गेल्या नाहीत.

सुरुवातीला शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) घ्या. जाडजूड आहे, भाषा जुनी आहे, पण इतका प्रामाणिक मार्गदर्शक दुसरा नाही; जे सिद्ध होत नाही ते सिद्ध होत नाही असे ते सरळ लिहितात. सोबत दोन वेगळ्या पद्धतींची पंचांगे ठेवा आणि वर्षभर त्यांतल्या तिथी ताडून पाहा. गावात गेलात तर सण कधी असतो असे विचारून थांबू नका. तो दिवस कोणी सांगितला, भगताने, भटजींनी, चंद्राने की कॅलेंडराने, हे विचारा आणि उत्तर त्याच शब्दांत टिपून घ्या. आणि ३१ ऑक्टोबरनंतर एखाद्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, गंगापूर धरणाच्या बाजूला शहराचे दिवे मागे टाकून मघा नक्षत्र शोधा. गुरू त्याच्या जवळच असेल.