‘देवानांप्रिय’ म्हणजे मूर्ख? हा अर्थ आला कुठून?

सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवतो. देवानंपिय म्हणजे देवांना प्रिय. श्रीलंकेचा राजा तिस्स आणि अशोकाचा नातू दशरथ यांनीही हीच पदवी लावली. म्हणजे हा मानाचा शब्द होता. मग संस्कृत कोशांत ‘देवानांप्रिय’चा अर्थ ‘मूर्ख’ असा का सापडतो?

आधी व्याकरण पाहू. समासात विभक्तीचा प्रत्यय सहसा गळतो, म्हणून ‘देवप्रिय’ व्हायला हवे. निंदा करायची असेल तर षष्ठी टिकते, असा पाणिनीचा नियम आहे. त्याच्या जोडीला कात्यायनाने ‘देवानांप्रिय’ हे रूप नोंदवले. पण तिथे ‘मूर्ख’ हा शब्द नाही. १७ व्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त मात्र तो आहे.

पुष्यमित्र शुंगाच्या काळातच ही शिवी तयार झाली, असे आपल्यातले काहीजण ठासून सांगतात. मित्रांनो, हा दावा टिकत नाही. त्याच काळातला मानला जाणारा पतंजली हा शब्द ‘दीर्घायु’, ‘आयुष्मान’ यांच्या पंक्तीत बसवतो. ७ व्या शतकातला बाणभट्टही तो आदराने वापरतो. पुढे शंकराचार्यांच्या भाष्यात तो प्रतिपक्षाला मारलेला टोमणा होतो. म्हणजे ही घसरण एका रात्रीत झालेली नाही. बौद्ध धम्माची पीछेहाट होत गेली त्या शतकांत ती झाली.

हा निव्वळ योगायोग म्हणायचा का? मग ‘पाखंड’ पाहा. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे पंथ, आणि सर्व पासंडांचा आदर करा असे तो सांगतो. मनुस्मृती मात्र पाखंड्यांना नगराबाहेर हाकलायला सांगते. आज पाखंडी म्हणजे ढोंगी! दोन्ही शब्द एकाच उतारावरून घसरले. यामागे ठरवून केलेला कट होता, असा पुरावा नाही. पण शब्दांचे अर्थ कोण लिहीत होते, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना लेखणी धरू दिली होती का, हा प्रश्न उरतोच.

१८३७ मध्ये प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. १९१५ मध्ये मस्कीच्या शिलालेखात ‘देवानंपिय’ आणि ‘असोक’ ही नावे एकत्र सापडली. पोथीने मूर्ख ठरवलेला शब्द दगडावर सन्मानाने उभा होता. म्हणून कार्यकर्त्यांनो, ऐकीव गोष्टींवर भाषण ठोकू नका. मूळ लेख वाचा, तारखा तपासा, मग बोला. आपली बाजू खरी आहे. तिला खोट्या पुराव्याची गरज नाही.

जय भीम!