पंतप्रधानांचं विमान आणि उधारीचं खातं

आजचा विषय आकाशातला आहे, पण गोष्ट आहे जमिनीवरच्या एका खतावणीची.

मी दिल्लीत द्वारकेला राहतो. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जातं. विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला पालमचा हवाई दलाचा तळ आहे. पंतप्रधान आणि राष्ट्रपती परदेशी निघतात ते तिथूनच. पाहुणे आले की मी त्या दिशेला बोट दाखवतो आणि ठरलेला प्रश्न येतो : "ते विमान केवढ्याचं हो?" मी म्हणतो, किंमत नंतर बघू. आधी सांगा, इतकी वर्षं ते विमान होतं कोणाचं?

उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. २०२० पर्यंत भारताच्या पंतप्रधानांकडे लांबच्या प्रवासासाठी स्वतःचं राखीव विमान नव्हतंच!

जरा मागे जाऊ. १ नोव्हेंबर १९४७ ला पालमला हवाई दलाचं कम्युनिकेशन स्क्वाड्रन सुरू झालं. नेत्यांची ने-आण हे त्याचं काम. सुरुवातीला भरवसा होता डाकोटावर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जगभर राबलेल्या विमानावर. १९४९ साली नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा लंडनहून पुढे न्यायला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी स्वतःचं 'इंडिपेंडन्स' विमान धाडलं होतं. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाने नेहरूंना इल्युशिन-१४ भेट दिलं, त्याचं नाव 'मेघदूत'. नव्या देशाचा संसार असाच उभा राहतो. काही वापरलेलं, काही मागून आणलेलं, काही आहेरात आलेलं.

या विमानांत जीवही गुंतलेले असतात, हे ४ नोव्हेंबर १९७७ ला कळलं. मोरारजी देसाईंना घेऊन जाणारं हवाई दलाचं टुपोलेव्ह-१२४ आसामात जोरहाटजवळ कोसळलं. पंतप्रधान वाचले. विमानातले पाच हवाई दल कर्मचारी गेले. नेत्याच्या विमानावर टीका करताना हे पाच जण मी विसरू शकत नाही. सुरक्षितता म्हणजे काही फक्त साहेबांची चैन नव्हे, ते विमान चालवणाऱ्यांच्या घरचाही तो प्रश्न आहे.

लांबच्या दौऱ्यांचं काय? तिथे एअर इंडिया. १९५३ साली सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली, म्हणजे विमानं घरचीच झाली. अलीकडची पंचवीसेक वर्षं हे काम बोइंग ७४७-४०० करत होतं. दौरा ठरला की प्रवाशांच्या सेवेतलं एक जम्बो काढून घ्यायचं. पुढच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे झोपायची खोली, बैठकीची जागा आणि कचेरी उभी करायची. शिवाय दुसरं एक विमान तयार ठेवायचं, पहिलं ऐनवेळी बिघडलं तर पंचाईत नको म्हणून. दौरा संपला की खुर्च्या परत बसवायच्या आणि विमान पुन्हा प्रवाशांसाठी. लग्नघरी शेजाऱ्याकडून सतरंज्या आणाव्यात आणि वरात गेली की झटकून परत द्याव्यात, तसं.

पण शेजाऱ्याची सतरंजी फुकट नसते. ती त्याच्या घरी त्या दिवशी नसते.

आता खतावणी उघडू. आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना १२ परदेश दौऱ्यांत २२ देशांना गेल्या. माहिती अधिकारातून २०१२ मध्ये खर्चाचा आकडा बाहेर आला, सुमारे २०५ कोटी रुपये. त्यातले १६९ कोटी एकट्या एअर इंडियाच्या विमानाचे. गदारोळ झाला तो दौऱ्यांवरून. विमानाचं बिल कोण, कधी भरतं, हे फार कोणी विचारलं नाही.

ते विचारलं नोएडात राहणाऱ्या निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी. माहिती अधिकाराचे अर्ज करत ते वर्षानुवर्षं या बिलांच्या मागे लागले. २०१८ मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या खास विमानांपोटी सरकारकडे एअर इंडियाचे येणे होते सुमारे १,१४७ कोटी. हे पैसे थकवणारे कोण? कॅबिनेट सचिवालय आणि पंतप्रधान कार्यालय, परराष्ट्र खातं, संरक्षण खातं. नोव्हेंबर २०१९ अखेरही ८२२ कोटी बाकी होते. ज्या कंपनीला 'तोट्यातली, तोट्यातली' म्हणून आपण सगळे नावं ठेवत होतो, तिचं गिऱ्हाईक असलेलं सरकारच उधारी थकवत होतं. एअर इंडियाचा तोटा याहून कितीतरी मोठा होता. या उधारीने ती बुडाली असं मी म्हणणार नाही. पण घरचं दुकान म्हणून घरच्यांनीच वही लांबवत न्यायची, यातून दुकानाची किंमत दिसते.

आता २०१७. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एअर इंडियाच्या निर्गुंतवणुकीला तत्त्वतः मान्यता दिली. इथे माझा तर्क सांगतो. दुकानच विकायचं ठरलं, तर उद्या सतरंजी मागायची कोणाकडे? खासगी मालक रोख भाडं मागेल. म्हणजे जो खर्च इतकी वर्षं कंपनीच्या वहीत लपत होता, तो सरकारला स्वतःच्या अंदाजपत्रकात लिहावाच लागणार.

आणि तसा तो लिहिला गेला. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दोन विमानांसाठी ४,४६९.५० कोटींची तरतूद झाली. ही विमानं मुळात एअर इंडियाच्याच मागणीतली होती. कंपनीने बोइंगकडे एकूण ६८ विमानं नोंदवली होती आणि त्यात पंधरा ७७७-३००ईआर होती. त्यांपैकी व्हीटी-एएलव्ही आणि व्हीटी-एएलडब्ल्यू ही दोन २०१८ च्या सुरुवातीला आली, काही महिने साध्या प्रवाशांना घेऊन उडाली आणि मग अमेरिकेत टेक्सासला रवाना झाली. तिथे आतली मांडणी बदलली. क्षेपणास्त्रांपासून बचाव करणारी यंत्रणा बसवायची होती, तिच्या १९ कोटी डॉलरच्या विक्रीला अमेरिकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये परवानगी दिली. पहिलं विमान १ ऑक्टोबर २०२० ला दिल्लीत उतरलं. वैमानिक आता हवाई दलाचे आणि हाक 'एअर इंडिया वन' नव्हे, 'इंडिया वन'.

ते कोरोनाचे दिवस होते. रस्त्याने पायी गावी गेलेल्या मजुरांची चित्रं ताजी होती. विरोधकांनी ८,४०० कोटींचा आकडा मांडला. सरकारी गोटातून उत्तर आलं की ही प्रक्रिया २०११ मध्ये, आधीच्या सरकारच्या काळातच सुरू झाली होती. दोघेही बोलले, वाद विरला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. ही दोन विमानं मात्र सरकारकडे राहिली.

वापरलेलं विमान घेण्यात कमीपणा आहे का? अमेरिकेकडे बघा. २०१७ मध्ये तिच्या हवाई दलाने राष्ट्राध्यक्षांसाठी दोन ७४७-८ घेतली. ती बांधली होती ट्रान्सएरो या रशियन कंपनीसाठी. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि विमानं गिऱ्हाइकाविना पडून होती. २०२२ च्या डिसेंबरमध्ये शेवटचं ७४७ कारखान्यातून बाहेर पडलं. आता सुट्या भागांसाठी आणि सरावासाठीही जुनी विमानं शोधावी लागतात. तेव्हा जुनं घेणं हा शहाणपणाही असू शकतो. आपल्या गावाकडे जुना ट्रॅक्टर घेणारा शेतकरी आधी विचारतो, पार्ट मिळतात का? महासत्तेलाही तोच प्रश्न पडतो.

म्हणून मला वाटतं, नेत्याला चांगलं विमान असावं की नसावं, हा वाद फार ताणू नये. असावं. दिल्लीहून अमेरिकेला न थांबता जाता येणं ही कामाची सोय आहे, आणि जोरहाटचे पाच जण आठवले की सुरक्षित विमानाबद्दल शंका उरत नाही. पण बिल कोणाच्या नावावर फाडलं आणि ते वेळेवर भरलं का, हे आपण दरवर्षी विचारलं पाहिजे. एअर इंडिया होती तोवर निदान एक कंपनी बिल तरी पाठवत होती. आता विमानही सरकारचं, वैमानिकही सरकारचा. बिल पाठवणारं कोणी उरलंच नाही. पूर्वी खर्च उधारीत लपत होता, आता तो मोठ्या आकड्यांच्या गर्दीत लपू शकतो.

नोएडाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने साध्या अर्जावर ती वही उघडायला लावली होती. तो अर्ज दहा रुपयांत करता येतो, आपल्यापैकी कोणालाही.