जत्रेची तिथी आणि वळवाचा पाऊस

पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामदैवतांच्या बहुसंख्य जत्रा चैत्र आणि वैशाख या महिन्यांत भरतात, आणि या प्रथेमागे दैवताच्या माहात्म्याइतकाच शेतीचा व आभाळाचा हिशेब आहे. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, मोकळ्या वावरांत गाड्या सोडायला आणि पाहुण्यांना उतरायला जागा असते, बैलांना विसावा असतो व मृगाच्या पेरणीला अवकाश असतो. तमाशाचे फडही याच कारणाने दसऱ्याला बाहेर पडत आणि वैशाख सरताना घरी परतत. भर पावसाळ्यात उघड्यावर खेळ लावणे शक्यच नव्हते.

मात्र कोरडे म्हणून निवडलेले हे दोन महिनेच वळवाचे महिने आहेत. मोसमी पावसाआधी तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर वाऱ्यावावटळीसह, विजा व क्वचित गारा घेऊन जो पाऊस कोसळतो, तो वळीव. त्याचा टापू लहान असतो, त्यामुळे एका गावाची जत्रा भिजून जाते आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. नांगरटीसाठी हाच पाऊस शेतकऱ्याला हवा असतो. जत्रेच्या दिवशी तेवढा नको असतो.

या चिंतेत कालगणनेची भर पडते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, आणि साचत गेलेली ही तूट साधारण ३२-३३ महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाने भरून निघते. परिणामी तिथी ऋतू सोडत नाही, पण ऋतूच्या आत मागेपुढे सरकते. वाडी रत्नागिरी येथे जोतिबाची यात्रा ज्या दिवशी भरते ती चैत्री पौर्णिमा २०१८ मध्ये ३१ मार्चला, तर २०२४ मध्ये २३ एप्रिलला आली. वैशाखातील जत्रा तर काही वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत जाते, आणि तेव्हा वळवाची भीती बरीच वाढलेली असते.

जत्रेचा दिनक्रमही उन्हाला धरून बसवलेला आहे. सकाळी अभिषेक व नैवेद्य, ऊन उतरल्यावर कुस्त्यांचा आखाडा, रात्री छबिना म्हणजे देवाच्या पालखीची वाजतगाजत निघणारी मिरवणूक, त्यानंतर उशिरापर्यंत तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी, असा क्रम अनेक गावांत रूढ आहे. उन्हापासून केलेला हा बचाव वळवापुढे मात्र टिकत नाही, कारण वळवाची वेळ तिसऱ्या प्रहरापासून रात्रीच्या तोंडापर्यंतची, म्हणजे नेमकी आखाड्याची आणि खेळाच्या तयारीची. मोकळी करून ठेवलेली आखाड्याची माती एका सरीने चिखल होते व पैलवानाचा पाय ठरत नाही.

पालखी भिजत का होईना, निघते. तिथी देवाची असल्याने ती पुढे ढकलण्याचा विचार गाव करीत नाही. खरी ओढाताण होते ती करमणुकीची. पाडव्याच्या सुमारास नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रेचे कारभारी तेथे येऊन सुपारी देतात, म्हणजे तारीख व रक्कम ठरवून खेळ बांधून घेतात. फडाच्या तारखा ओळीने लागलेल्या असतात. आजची रात्र पावसाने बुडाली तरी उद्या दुसऱ्या गावी पोहोचावेच लागते, त्यामुळे तोच खेळ पुन्हा लावण्याची सोय उरत नाही. अशा वेळी ठरलेल्या पैशांवरून गाव आणि फड यांच्यात घासाघीस होते. गावाने वर्गणी घरटी गोळा केलेली असते, तर फडमालकाने हंगामाच्या तोंडावर कलावंतांना उचल, म्हणजे मेहनतान्यापोटी आगाऊ रक्कम, अनेकदा कर्ज काढून दिलेली असते. दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरी अधिक दुबळी बाजू फडाचीच, कारण गावाची जत्रा पुढच्या वर्षी पुन्हा भरते आणि फडाचे व्याज मात्र त्याच हंगामात फेडायचे असते. तमाशाच्या इतिहासात लावणी आणि वग यांचा जेवढा विचार झाला, तेवढाच या बुडालेल्या रात्रींचाही व्हायला हवा. चैत्र-वैशाखातील मोजक्या रात्रींच्या मिळकतीवरच फडातील माणसांचे पावसाळ्याचे चार महिने निघत आले आहेत.