बिटएक्स रेडिओचे तीन प्रकार : आपल्या भागाला कोणता सोयीचा?

बिटएक्स हा हौशी रेडिओचालकांनी (हॅम) घरी बांधावा असा भारतीय ट्रान्सीव्हर आहे, म्हणजे बोलणे आणि ऐकणे एकाच संचात. हैदराबादचे अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांनी २००३-०४ च्या सुमारास त्याची पहिली रचना मांडली. त्यातील अॅम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. त्यामुळे सुटे भाग कमी लागतात आणि खर्चही आटोक्यात राहतो. तिगाव, पांढुर्णा, सौसर येथील सभासदांसाठी तिन्ही प्रकारांची माहिती देत आहोत.

बिटएक्स २० : १४ मेगाहर्ट्झ (२० मीटर) बँड, सुमारे ६ वॅट. सगळे भाग हाताने जोडायचे. मूळ रचनेत कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते. शिकणाऱ्यांसाठी उत्तम. मात्र संच तापला की लावलेले स्टेशन हळूहळू सरकते.

बिटएक्स ४० : ७ मेगाहर्ट्झ (४० मीटर), सुमारे ७ वॅट. २०१६ पासून जोडलेल्या बोर्डाच्या स्वरूपात मिळू लागला. पुढे डिजिटल ट्यूनिंगची जोड मिळाल्यावर स्टेशन सरकणे थांबले.

मायक्रो-बिटएक्स : ३ ते ३० मेगाहर्ट्झ, सुमारे १० वॅट. वरच्या बँडांवर शक्ती कमी पडते. आवृत्ती ३ व ४ मध्ये नको असलेल्या लहरी बाहेर पडण्याची तक्रार होती, ती आवृत्ती ५ मध्ये सुधारली. आवृत्ती ६ ला स्पर्शपडदा आहे. जुना संच घेताना आवृत्ती आधी विचारावी.

निवड : १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातून दूर उतरतात, त्यामुळे नागपूर-बैतूलसारखी जवळची ठिकाणे सहसा सुटतात. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर ती सापडतात, सातपुड्याचे डोंगरही आड येत नाहीत. अडीअडचणीला शेजारच्या जिल्ह्यांशी बोलता यावे, हा हेतू असेल तर बिटएक्स ४० घ्यावा, असे आम्ही सुचवतो. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणून लाइट गेली तरी बंद पडत नाही. त्याच्या अँटेनाला प्रत्येकी सुमारे १० मीटरच्या दोन तारा लागतात. त्या विजेच्या तारांपासून दूर बांधाव्यात आणि पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्याआधीच संचापासून सोडवाव्यात.

प्रसारणासाठी केंद्र सरकारचा परवाना आवश्यक आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही परीक्षा देऊन तो मिळवता येतो. आधी परवाना, मग माइक.