दोलाप, शिश आणि ढोल : कॉफी भाजण्याच्या हातयंत्राचा इतिहास

१

यंत्रांचा इतिहास लिहिताना पेटंटांच्या नोंदींवर विसंबण्याची रीत आहे. नोंदीत वर्ष असते, शोधकाचे नाव असते, आकृती असते. इतिहासकाराला ह्याहून सोयीचे साधन मिळणे कठीण. परंतु जी साधने चुलीपाशी वापरली गेली, गावच्या लोहाराने किंवा पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने घडविली आणि मोडल्यावर भंगारात गेली, त्यांच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. कॉफी भाजण्याचा हाताने फिरवावयाचा लहान ढोल हे अशा साधनांचे चांगले उदाहरण आहे. लोखंडी पत्र्याचे एक नळकांडे, त्याच्या आसातून गेलेली सळई, सळईच्या टोकाला मूठ, बाजूला दाणे घालण्याचे झाकण आणि खाली निखारे, एवढाच त्याचा संसार. कॉफीच्या प्रचलित इतिहासांत तो एकदोन वाक्यांत येतो आणि मोठ्या कारखानी यंत्रांचा कच्चा पूर्वज म्हणून लगेच निरोप घेतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या समजुतीची तपासणी करणे हा आहे. पेटंटांबरोबर आपण ह्या वस्तूची निरनिराळ्या भाषांतील नावे आणि तिच्यासंबंधीचे राज्यशासनाचे हुकूम विचारात घेतले, तर एक वेगळेच चित्र उभे राहते. लहान ढोलाचा इतिहास हा कच्च्या यंत्राकडून पक्क्या यंत्राकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास नाही. दाणा भाजून झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार घराकडे राहावा, दुकानाकडे जावा की राजाकडे, ह्या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

२

प्रथम साधनाचे कार्य समजून घेतले पाहिजे. कॉफीचा हिरवा दाणा कठीण असतो व त्यात साधारणतः दहा ते बारा टक्के पाणी असते. तो एका बाजूने चपटा व दुसऱ्या बाजूने फुगीर असल्यामुळे सपाट तव्यावर टाकल्यास चपट्या अंगावर बसून राहतो आणि तेथेच करपतो. म्हणून तव्यावर कॉफी भाजणाऱ्याचा हात क्षणभरही थांबून चालत नाही. इथिओपियात आजही गृहिणी पाहुण्यांसमोर पसरट भांड्यात कॉफी भाजते. अरबस्तानातील बदाऊनी लोक लांब दांड्याच्या लोखंडी पळीसारख्या भांड्यात दाणे घेऊन लोखंडी काठीने ढवळीत. ह्या दोन्ही पद्धतींत दाणा डोळ्यांसमोर असतो. तो हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस व तांबूसचा तपकिरी होत जाताना दिसतो आणि त्या रंगावरून भाजणारा निर्णय घेतो.

ढोलामुळे करपण्याचा दोष पुष्कळ अंशी दूर झाला. ढोल फिरत राहिला की दाणे आपोआप उलटसुलट होतात, उष्णता सर्व अंगांना लागते आणि झाकण बंद असल्यामुळे ती वायाही कमी जाते. परंतु ह्या सोयीची किंमत द्यावी लागली. दाणा डोळ्यांआड झाला. आता निर्णय कानाने आणि नाकाने घ्यावयाचा होता. दाण्याचे तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसला पोहोचले की आतील वाफेच्या दाबाने तो तडकतो. लाह्या फुटताना होतो तसा हा आवाज असतो. आणखी वीसपंचवीस अंशांनंतर दुसरी, अधिक बारीक तडतड ऐकू येते. ह्या दोहोंच्या दरम्यान केव्हा थांबावयाचे हीच भाजणाऱ्याची विद्या. दाण्याचे वजन तोवर बारा ते वीस टक्क्यांनी घटलेले असते, आकार मात्र वाढलेला असतो. म्हणून ढोल काठोकाठ भरून चालत नाही. आणि ढोल उतरविल्याबरोबर दाणे पसरून निववावे लागतात, कारण आतील उष्णतेने त्यांचे भाजणे चालूच राहते.

थोडक्यात, ढोलाने हाताचे कष्ट कमी केले, पण कानाचे व नाकाचे काम वाढविले. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

३

आता नावांकडे वळू. तुर्की भाषेत ह्या ढोलाला ‘काह्वे दोलाबी’ म्हणतात. ‘दोलाप’ हा शब्द आज तुर्कीत मुख्यतः कपाटाचा वाचक असला तरी त्याचे मूळ फारसी ‘दूलाब’ ह्या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ पाणी उपसण्याचे चाक, म्हणजे आपला रहाट, असा होतो. फिरण्याचा हा अर्थ तुर्कीत लुप्त झालेला नाही. जत्रेतील उंच पाळण्याला तुर्क ‘दोन्मे दोलाप’ म्हणजे ‘फिरता दोलाप’ असेच म्हणतात. कॉफीच्या ढोलाला हे नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आसाभोवती फिरणारे चाक होते हे उघड आहे.

बोस्नियात ह्याच वस्तूला ‘शिश’ म्हणतात. हा शब्दही तुर्कीच. पण त्याचा मूळ अर्थ मांस भाजण्याची सळई. म्हणजे तेथील लोकांनी ढोलाला त्याच्या पोटावरून नाव न देता पोटातून गेलेल्या सळईवरून दिले. इंग्लंडातील पुरावा येथे ताडून पाहण्यासारखा आहे. विल्यम यूकर्स ह्यांनी आपल्या ‘ऑल अबाउट कॉफी’ (१९२२) ह्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे १६६० च्या सुमारास इंग्लंडात एल्फर्ड नावाच्या गृहस्थाचे कल्हईच्या पत्र्याचे भाजणयंत्र वापरात होते आणि ते मांस भाजण्याच्या सळईवर, सळई फिरविणाऱ्या यंत्राच्या साह्याने फिरविले जाई. बोस्नियातील शब्द आणि इंग्लंडातील वस्तू एकाच गोष्टीची साक्ष देतात : हा ढोल कोणा एका शोधकाच्या डोक्यातून संपूर्ण अवस्थेत बाहेर पडलेला नाही. घरात आधीच असलेली सळई, आधीच माहीत असलेले चाक आणि एक पत्र्याचे नळकांडे ह्यांच्या जुळणीतून तो सिद्ध झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नावांच्या ह्या साम्यावरून ढोल पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला की पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे ठरविता येणार नाही. सळई आणि चाक दोन्हीकडे होती. जुळणीही दोन्हीकडे स्वतंत्रपणे होऊ शकली असती. शब्दाचा प्रवास सिद्ध झाला म्हणजे वस्तूचा प्रवास सिद्ध होतोच असे नाही. बोस्नियात शब्द तुर्कीतून आला एवढेच भाषाशास्त्र खात्रीने सांगू शकते.

नावांचा दुसरा वर्ग क्रियेवरून पडलेला आहे. ग्रीक ‘कावुर्दिस्तीरी’ हे तुर्की ‘कावुर्माक’ म्हणजे परतणे, भाजणे ह्या धातूपासून. सर्बियन ‘प्रझुन’ हे तळण्याभाजण्याच्या वाचक धातूपासून. फ्रेंच ‘ब्र्युल्वार’ आणि जर्मन ‘काफेब्रेनर’ ही जाळणे ह्या अर्थाच्या धातूंपासून. शेवटच्या दोन शब्दांसंबंधी मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे. मराठीत भाजणे व जाळणे ह्यांत स्पष्ट भेद आहे. धान्य भाजतात, विटा भाजतात, पापड भाजतात. जळले म्हणजे फुकट गेले. अठराव्या शतकातील जर्मन लेखनात ‘जाळलेली कॉफी’ असा शब्दप्रयोग भेटतो तेव्हा त्याचा अर्थ करपलेली कॉफी असा न घेता ‘भाजलेली कॉफी’ असाच घेतला पाहिजे.

४

भाजण्याच्या अधिकाराचा प्रश्न शासनापुढे दोन प्रकारे आला. इस्तंबूलमध्ये भाजण्यादळण्याचे काम शासनाच्या देखरेखीखालील ‘तहमीसखान्या’त चाले. ‘तहमीस’ हा अरबी शब्द, अर्थ भाजणे. त्या शहराच्या एमिनोन्यू भागात, मसाल्याच्या बाजाराला लागून असलेल्या गल्लीचे नाव आजही ‘तहमीस गल्ली’ असे आहे. ह्याच गल्लीत १८७१ पासून मेहमेत एफेन्दी ह्यांनी कॉफी भाजून, दळून विकण्यास आरंभ केला आणि घरी दाणे भाजण्याचे कष्ट अनेकांना अनावश्यक वाटू लागले. घराकडून दुकानाकडे झालेले हे स्थलांतर सक्तीचे नव्हते. ते सोयीचे होते.

प्रशियातील गोष्ट वेगळी. तेथे दुसऱ्या फ्रेडरिक राजाला कॉफीपायी परदेशी जाणारा पैसा खुपत होता, कारण प्रशियाजवळ कॉफी पिकविणाऱ्या वसाहती नव्हत्या. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याची मक्तेदारी राज्याकडे घेतली. सामान्य प्रजाजनाने भाजलेली कॉफी सरकारी भाजणगृहातून चढ्या भावाने विकत घ्यावी, असा हुकूम झाला. सरदार, धर्मोपदेशक, अधिकारी अशा वरच्या वर्गांतील लोकांना मात्र घरी भाजण्याचे परवाने मिळू शकत. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, येथे बंदी पिण्यावर नव्हती. बंदी भाजण्यावर होती. हिरवा दाणा लपविता येतो, पेलाही लपविता येतो. भाजण्याचा वास लपविता येत नाही. राजाने सेवेतून निवृत्त झालेले सुमारे चारशे सैनिक ह्या कामी नेमले. ते रस्त्यारस्त्यांतून वास घेत हिंडत आणि परवाना नसलेल्या घरातील भाजणे पकडीत. लोकांनी त्यांना ‘काफेरीखर’ म्हणजे ‘कॉफी हुंगणारे’ असे नाव दिले. लुई कात्सेनश्टाइन ह्या चित्रकाराने १८९२ साली काढलेल्या चित्रामुळे हा प्रसंग जर्मनीत पुढेही लोकांच्या स्मरणात राहिला.

ह्या प्रकरणाकडे गमतीची आख्यायिका म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. पण ज्या घरात चिमूटभर दाणे भाजले जात होते त्या घराच्या बाजूने पाहिले तर त्यातील अन्याय ध्यानात येईल. एकच कृती सरदाराच्या स्वयंपाकघरात रीतसर आणि शिंप्याच्या स्वयंपाकघरात गुन्हा ठरत होती. ढोलाने ज्या नाकाला भाजण्याचा न्यायाधीश केले होते, त्याच इंद्रियाला राज्याने हेराचे काम दिले. १७८६ मध्ये फ्रेडरिक वारल्यानंतर ही मक्तेदारी फार काळ टिकली नाही. जे साधन दोन हातांत मावते आणि चुलीपुढच्या निखाऱ्यांवर चालते, त्याच्यावर पहारा ठेवणे कोणत्याही राज्याला महागच पडणार.

५

एकोणिसाव्या शतकात जे हुकुमाने साधले नाही ते व्यापाराने साधले. १८२४ मध्ये रिचर्ड एव्हान्स ह्यांना इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर कॉफी भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्यात ढोलाच्या आत दाणे मिसळणाऱ्या पात्या होत्या, ढोल उलटा करून रिकामा करण्याची योजना होती, आणि भाजणे चालू असताना नमुना बाहेर काढून पाहण्याची पोकळ नळी होती. वर सांगितलेले लक्षात घेता ह्या नळीचे महत्त्व पटेल : बंद ढोलाने हिरावून घेतलेली दृष्टी तिने भाजणाऱ्याला परत दिली. १८४६ मध्ये बोस्टनच्या जेम्स कार्टर ह्यांनी भट्टीतून बाहेर ओढता येणारा ढोल केला. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स ह्यांनी ढोल आचेवरून न हलविताच तो रिकामा करण्याची युक्ती काढली. पाठोपाठ जॉन आर्बकल ह्यांनी भाजलेले दाणे कागदी पुड्यांत भरून विकण्याचा व्यवसाय वाढविला आणि अमेरिकेतील घराघरांतून भाजण्याचे काम कमी होत गेले.

ह्या बदलाची खूण भाषेतही उमटली आहे. फ्रेंचमध्ये घरच्या ढोलाचे नाव जाळण्याच्या साध्या धातूवरून पडलेले होते. धंदेवाईक भाजणाऱ्याला मात्र ‘तोरेफाक्तर’ असे लॅटिन वळणाचे नाव मिळाले. क्रिया तीच, पण घरची क्रिया बोलीतल्या शब्दाने आणि कारखान्याची विद्वानांच्या शब्दाने सांगितली जाऊ लागली. वस्तूचा दर्जा बदलला की शब्दाचा दर्जा बदलतो, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

६

भारतात हा ढोल मुख्यतः दक्षिणेकडील घरांतून दिसतो. तमिळ व कन्नड भाषिक मध्यमवर्गात कॉफी रुजली तेव्हा हिरवे दाणे आणावयाचे, घरच्या ढोलात लागेल तेवढे भाजावयाचे आणि हातचक्कीत दळावयाचे, ही रीत अनेक घरांत होती. तिला व्यवहारी आधार होता. हिरवा दाणा कोरड्या जागी अनेक महिने टिकतो. भाजलेल्याचा सुगंध काही आठवड्यांतच उणावतो. पुढे भाजून दळून देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली आणि ढोल माळ्यावर गेले.

महाराष्ट्रात चहाचे प्राबल्य असल्यामुळे ढोलाला येथे तसे स्थान मिळाले नाही. तरीही मराठीने दाण्यासाठी ‘बुंद’, ‘बुंददाणा’ हे शब्द जतन केले. अरबीत दाण्याला ‘बुन्न’ व पेयाला ‘कहवा’ असा भेद आहे. ‘बुंद’ हा शब्द त्या ‘बुन्न’शी नाते सांगतो, थेंबवाचक ‘बुंद’ ह्या शब्दाशी नव्हे. भाजण्याची कला तर आपल्याकडे जुनीच. ‘भाजणे’ हा शब्द संस्कृत ‘भृज्ज्’ ह्या धातूच्या वंशातला, आणि ‘भडभुंज्या’तील ‘भाड’ म्हणजे ‘भ्राष्ट्र’, धान्य भाजण्याची भट्टी. भडभुंज्या तापलेल्या वाळूत दाणे परततो. वाळू प्रत्येक दाण्याला सर्व बाजूंनी वेढते. करपू न देता सर्वांगाने भाजणे हाच त्या वाळूचा हेतू आणि हाच ढोलाचाही. एकच अडचण दोन समाजांनी दोन निरनिराळ्या मार्गांनी सोडविली.

७

शेवटी पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लहान ढोल मागे पडला काय? स्वयंपाकघरातून तो बव्हंशी गेला हे खरे. परंतु ज्या व्यापाराने त्याला तेथून हलविले, त्याच व्यापाराच्या अंतर्गृहात तो आजही आहे. कॉफीचा मोठा साठा घेण्यापूर्वी खरेदीदार त्यातील मूठभर हिरवे दाणे काढतो, शंभरएक ग्रॅमच्या लहान ढोलात भाजतो, दळतो व चव घेऊन भाव ठरवितो. ढोल आता विजेच्या मोटारीवर फिरत असेल, खाली निखाऱ्यांऐवजी गॅस असेल. पण प्रमाण तेच, आणि भाजणाऱ्याचे कान त्याच तडतडीकडे लागलेले. शेकडो पोत्यांचे मोल ह्या मूठभर दाण्यांवरून ठरते.

तेव्हा कच्चा पूर्वज आणि पक्का वंशज ही मांडणी येथे लागू पडत नाही. मोठ्या यंत्राने भाजण्याचे काम घेतले. पारख करण्याचे काम लहान ढोलाकडेच राहिले. बदल झाला तो हा की, पूर्वी ही पारख प्रत्येक घरात कोणीतरी करीत असे आणि आता ती थोड्या जाणकारांच्या हाती आहे. पेटंटांच्या यादीत हा बदल दिसणार नाही, कारण त्यात नवे यंत्र काहीच नाही. दोलाप, शिश, प्रझुन, ब्र्युल्वार ही नावे ज्या घरांतून बोलली गेली तेथील स्त्रीपुरुषांची नावे आपणास ठाऊक नाहीत. त्यांच्या कौशल्याचा पुरावा म्हणून हे शब्दच मागे उरले आहेत, आणि घरगुती साधनांच्या अभ्यासकाने ते पेटंटाइतक्याच गांभीर्याने वाचले पाहिजेत.