पावतीपुस्तक

शिमगा जवळ आला की माझ्या काखेत पावतीपुस्तक येतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात देवळाचा हिशेब माझ्याकडे. पुतण्या विचारतो, "काका, देवाला पैसे कशाला?" देवाला नकोत रे, तेलवाल्याला, ढोलवाल्याला, कौलं शाकारणाऱ्याला हवेत.

पूर्वी दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी असत, गुरवाला भात मिळे. पैसा थोडाच लागायचा. पुढे मजुरी रोकड झाली, माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि देऊळ मनीऑर्डरीवर चालू लागलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर वडिलांच्या वहीतले आकडे एकदम बारीक झाले. सरकारकडे मागावं तर संविधानाचं कलम २७ सांगतं, एखाद्या धर्मासाठी कुणाकडून कर घेता येणार नाही. मग उरते वर्गणी.

रत्नागिरी शहरातलं पतितपावन मंदिर मात्र १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशानं बांधलं. सावरकरांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या या मंदिराचा गाभारा सगळ्या जातींना खुला होता. रूढी मोडायला एक मोठा दाता लागला, कारण वर्गणी देणारं गाव सहसा रूढीच जपतं. पण वर्गणीचं बळ वेगळं. ज्याची पावती फाटते, तो हिशेबही विचारतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं नोंदणी आणि लेखापरीक्षण आणलं. आमच्याकडे त्याआधीपासून होळीच्या मांडावर जमाखर्च मोठ्यानं वाचला जाई.

गेल्या साली एका म्हातारीनं दहा रुपये दिले आणि विचारलं, "पालखी माझ्या दारात येतली ना?"

पावती मी तिच्याच नावानं फाडली.